फुकटचा फोटो

आमच्या स्टुडिओत फोटो सासरे काढतात, कॉम्प्युटर मी सांभाळते. सासऱ्यांची एक खोड आहे. "झालं" म्हणायचं आणि माणूस सैल पडला की हळूच आणखी एक फोटो काढायचा. तो फुकटचा. त्यात कोणी उठत असतं, कोणी केस सारखे करत असतं. निवड करताना मी तो सगळ्यात आधी उडवते. यावरून आमची कायमची धुसफूस.

प्रत्येक फोटोला गिऱ्हाइकाचं नाव टाइप करून मी वैतागले होते. भाचीनं फोनवरून पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवली आणि मी नावं आपोआप टाकणारा माझा पहिला प्रोग्राम लिहिला. आधी फोटोंच्या कॉपीवर चालवून बघ, असं ती दोनदा म्हणाली. मला कोणी तेच तेच सांगितलं की मी हमखास ऐकत नाही.

समोर एका नर्सबाईंच्या आईचे फोटो होते, निवड व्हायची होती. आई गेल्याच आठवड्यात वारल्या. बाई संध्याकाळी येणार होत्या. मी एंटर दाबलं. कॉम्प्युटरनं कुठलीही चूक दाखवली नाही, म्हणून स्वतःवर खूश झाले. फोल्डर उघडलं तर आत एकच फोटो. नावापुढे आकडा घालायचा राहिला होता. सगळ्यांना एकच नाव मिळालं, प्रत्येक फोटो आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसला आणि शेवटचा तेवढा उरला. कॅमेऱ्याचं कार्डही सकाळीच दुसऱ्या कामासाठी पुसलेलं.

सासऱ्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

बाई आल्यावर काय घडलं ते सरळ सांगून टाकलं. त्या खुर्चीत बसल्या. मग मी उरलेला फोटो उघडला. आई खुर्चीतून अर्धवट उठलेल्या, एक हात गुडघ्यावर, दुसरा पुढे केलेला, तोंडभर हसू.

"तो हात तिनं माझ्याकडे केलाय, उठव म्हणून," बाई म्हणाल्या. "बाकीचे खरंच नाहीत?"

"नाहीत."

त्यांनी डोळे पुसले आणि हाच मोठा करून द्यायला सांगितला. माफ केलं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम दुरुस्त केला. आकडा घातला, कॉपीवर चालवून पाहिला. शेवटचा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचा, अशी एक जास्तीची ओळही लिहिली. सासरे मागे उभे होते. ही ओळ कशाची, असं त्यांनी विचारलं.

"तुमच्या फुकटच्याची," मी म्हणाले.