जमिनीखालचा माळा

लिंबाच्या लोणच्यातली बी दाढेखाली आली आणि तोंड कडू झालं. थुंकावी तर मुलाच्या मित्राच्या, शंतनूच्या दिवाणखान्यात पंधरा माणसं ताटल्या घेऊन बसलेली, गिळावी तर कडू पोटात जाणार… त्र्यंबकरावांनी ती जिभेनं गालात सरकवली आणि तिथंच ठेवली. 'वादळातून वाचलेलं लोणचं' म्हणून लोक आज दोनदोनदा वाढून घेत होते. बारा बरण्या, एकीलाही चरा नाही. अर्ध्या घराचं छप्पर गेलं, गाडी शेजारच्या अंगणात उताणी पडली, पण बाबांचं लोणचं शाबूत, असं त्यांचा मुलगा अवधूत येईल त्याला सांगत होता. मग जरा थांबून म्हणायचा, आणि बाबाही.

"काका, ट्रकचं परत सांगा ना," देवांग म्हणाला. हा ओक्लाहोमात नवा, युनिव्हर्सिटीत रिसर्च करणारा, त्याला वादळाचं अजून अप्रूप होतं.

ट्रकचं. गेल्या अकरा दिवसांत ट्रक बराच वर चढला होता. पहिल्या दिवशी तो नुसता रस्त्यावर आडवा झाला होता. मंगळवारी फोनवर नागपूरला सांगताना तो छपराला घासून गेला. आणि आज, त्र्यंबकरावांनाच नवल वाटावं इतक्या सहज, तो आकाशात वळला आणि वळताना आतल्या ड्रायव्हरनं इंडिकेटर दिला.

"नो वे, आजोबा," शंतनूची मुलगी इशिता म्हणाली. "लेफ्ट की राइट?"

"राइट. हा कायदा पाळणारा देश आहे, बाळ."

सगळे हसले. इशिता मात्र विचारात पडली. "पण तुम्ही तर खाली शेल्टरमध्ये होता ना? मग दिसलं कसं?"

"झाकणाच्या फटीतून," ते म्हणाले.

फट… फट कुठली? फट राहू नये म्हणूनच तर दोन्ही हातांनी आतली कडी धरून बसलो होतो.

गॅरेजच्या जमिनीत पुरलेली ती लोखंडी पेटी – वर सरकतं झाकण, आत दोन बाकं, सहा माणसांची सोय. मार्चात मुलाकडे आल्या आल्या त्यांनी ती पाहिली, आणि रिकामी जागा दिसली की ज्याचे हात शिवशिवतात त्या माणसाला जे सुचायचं तेच त्यांना सुचलं. गार आहे, अंधार आहे, मुंग्या नाहीत. हा तर माळाच, फक्त चुकून जमिनीखाली बांधलेला. मग तिथं लोणच्याच्या बरण्या गेल्या, कणकेच्या पिशव्या गेल्या, तिखटाचे डबे गेले, एकात एक घातलेल्या सुटकेसा आणि महाराष्ट्र मंडळाचं गणपतीचं मखर. "बाबा, ते माणसांसाठी आहे," असं सून अबोली म्हणाली, तेव्हा ते म्हणाले होते, "माणसं रोज कुठं येतात? लोणचं रोज लागतं." तेव्हाही सगळे हसले होते. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या कांचनच्या आईला – यामिनीताई, त्याही पुण्याहून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, त्यांच्या घराला शेल्टर नाही – त्र्यंबकरावांनीच छाती पुढं काढून सांगितलं होतं, "सायरन वाजला की सरळ इकडं या. सहा जण मावतात."

सायरन दुपारी तीनला वाजला. मुलं ऑफिसात. गुडघे हनुवटीला लावून, बरण्या आणि मखर यांच्या मधल्या एकुलत्या एका फटीत ते बसले, झाकण ओढलं, आणि दोन मिनिटांत वरून तळहाताची थाप आली.

"त्र्यंबकराव… अहो, मी यामिनी."

मखर बाहेर फेकायचं. दोन पिशव्या वर ढकलायच्या. एक मिनिट, फार तर दीड… नाही, हा हिशेब नंतरचा, अंथरुणात रचलेला. तेव्हा मी काहीच रचलं नाही. तेव्हा मी श्वास धरला. नागपूरला ऐन जेवणाच्या वेळी नको तो पाहुणा बेल वाजवायचा तेव्हा बायको शरयू ओठांवर बोट ठेवायची, अवधूतचा घास हवेत थांबायचा, सगळं घर मेल्यासारखं व्हायचं आणि पाहुणा गेला की आम्ही हसून हसून लोळायचो – तोच श्वास, चाळीस वर्षांच्या सरावाचा, अंगानं आपोआप धरला. घरात कोणी नाही. थाप पुन्हा आली. घरात कोणी नाही… आणि तिखटाची खाट नाकात गेली. एकदाच खोकलो. बाहीत.

थाप थांबली. मग पावलं घरात गेली.

नंतर यामिनीताई बाथरूमच्या टबात सापडल्या, डोक्यावर गोधडी, मांडीवर काचा. त्यांनी तोंड उघडायच्या आत त्र्यंबकराव म्हणाले, "केवढ्या हाका मारल्या मी तुम्हाला."

यामिनीताईंनी मांडीवरची एक काच उचलून बाजूला ठेवली. "वाऱ्यात ऐकू नाही आलं हो," त्या म्हणाल्या. वाऱ्यात हाक ऐकू येत नाही तर खोकला कुठून येणार… या एका वाक्यावर त्र्यंबकरावांनी अकरा दिवस काढले होते.

"पण काका," देवांग म्हणाला, "शेल्टर सहा जणांचं, मग यामिनीमावशी वर कशा राहिल्या?"

वाढता वाढता कांचनचा हात थांबला. आईकडे नाही, तिनं त्र्यंबकरावांकडे पाहिलं. आणि खरं सांगायचं तर ते सांगणार होते. शब्द ओठांशी आले होते, "मी" एवढा बाहेरही पडला होता…

"झाकण अडकलं ना," सोफ्याच्या कोपऱ्यातून यामिनीताई म्हणाल्या. "मी वरून ओढतेय, हे खालून. यांचा खोकला ऐकू येत होता मला. जीव खाऊन जोर लावत होते बिचारे."

"काय यार, लाइफ सेव्ह करणारी वस्तू आणि झाकण अडकतं," देवांग हळहळला. कांचननं डोळे टिपले आणि त्र्यंबकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, हे तुम्ही बोललाही नाहीत."

त्यांनी यामिनीताईंच्या चेहऱ्यावर राग शोधला, टोमणा शोधला, निदान उपकार केल्याचं समाधान तरी. त्या अबोलीला म्हणत होत्या, ताकात मीठ कमी आहे गं.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. टबात असताना ठाऊक होतं, रोज सकाळी कुंपणाशी 'चहा झाला का' विचारताना ठाऊक होतं. आणि आता आपण खरं बोललो तर खोट्या पडायच्या त्या… कधीतरी, एखाद्या बऱ्या दिवशी, सांगून टाकू म्हणून मनाशी जपलेली तेवढी एक वाट होती, तीही त्यांनी पंधरा माणसांदेखत, मीठ मागता मागता, बंद केली. आणि अंगातून हे जे ऊन ऊन काहीतरी उतरत चाललं होतं ते – सुटका होती. चक्क सुटका. ती ओळखू आली तेव्हा कुठं तोंड लपवावं हे त्यांना कळेना.

"मग आजोबा? देन?" इशिता गुडघ्यांवर सरकत पुढं आली.

"देन काय," ते म्हणाले, "वरून या ओढतायत, खालून मी…" आवाज आपोआप सुरात लागला, हात हवेत जाऊन झाकण ओढू लागले. दर वाक्याला ते थोडे थांबत होते. कोणी तरी म्हणेल, एखादं पोर तरी म्हणेल, काहीतरीच काय सांगताय. पण या वेळी कोणीच हसलं नाही. सगळे मन लावून ऐकत होते.