परवडत न्हाई

कोल्हापूरच्या माणसाला काय वाटेल ते बोलायला सांगा, तो बोलेल. पुढाऱ्याला तोंडावर झापेल, पैलवानाला अंगावर घेईल, पोरीच्या सासऱ्यालाही दोन शब्द सुनावून येईल. पण ‘मला परवडत नाही’ एवढं म्हणायला सांगा, की त्याची जीभ टाळ्याला चिकटलीच म्हणून समजा. आकाराम चौगले काही ह्या मातीपेक्षा वेगळा नव्हता.

शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहून त्यानं उमेदीची सगळी वर्षं काढली. साच्यांच्या काळ्या मातीची धूळ नाकातोंडातून आत गेली आणि छातीत घर करून बसली. बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरला आणि सांगितलं, भट्टी सोडा, नाहीतर चार पायऱ्या चढायला माणूस धरावा लागेल. आकाराम बाहेर येऊन बाकड्यावर टेकला. पेन्शनीला अजून सहा वर्षं होती. फंड आणि ग्रॅच्युइटी बँकेत ठेवून नुसत्या व्याजावर घर कसं चालायचं, हे त्याच्या डोक्यात काही बसेना.

हौसाबाईनं गोळ्यांची पिशवी उचलली आणि म्हणाली, “तुमी घरात बसा. घर मी चालवतो.”

पहिल्या महिन्यात आकारामला वाटलं, ही आता आपल्याला मीठ-भाकरीवर आणणार. तसं काही झालं नाही. लाइटबिल आलं, ते हौसाबाईनं लग्नपत्रिका वाचावी तसं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दाराचं सैल झालेलं रबर बदलून घेतलं. गीझर बंद करून माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला आणि शेजारच्या सुताराकडच्या ढलप्यांवर रोजचं पाणी तापायला लागलं. घरफाळा सवलतीच्या मुदतीत भरला. दोन मोबाइलपैकी एकालाच नेटचं रिचार्ज. आकारामला कुस्त्या बघायच्या असल्या की बायकोच्या शेजारी येऊन बसायचं. तो म्हणायचा, ह्या वयात आमचा संसार गोडीचा झाला तो नेटमुळं.

सगळ्यात मोठा घाव असायचा दवाखान्याच्या विम्याचा. वर्षाचा हप्ता एकदम भरायचा, तोही मे महिन्यात. हौसाबाईनं त्याचीही तोड काढली. गल्लीतल्या भिशीत सगळ्या बायकांना दिवाळीचा नंबर हवा असतो. ही म्हणाली, मला मे द्या. बायकांना वाटलं, किती मनाची मोठी. मनानं ती मोठी होतीच, पण भिशीची रक्कम हातात आली त्याच दिवशी विम्याचा हप्ता गेला आणि बँकेतल्या पैशाला धक्का लागला नाही.

मटण एकाआड एक रविवारी व्हायचं, तेही पाव किलो. पण वाटण असं लावायची, की रश्श्याचा वास कोपऱ्यावर जायचा आणि लोक म्हणायचे, चौगल्यांच्यात आज पावणं दिसत्यात. आकाराम भट्टीवर होता तेव्हा पगार चांगला असून महिनाअखेर घर धापा टाकायचं. आता निम्म्यात भागून डब्यात काहीतरी मागं पडायचं. म्हणजे इतकी वर्षं पैसा कुणाच्या हातानं गळत होता, हे त्याला कळून चुकलं, आणि कळलं ते त्यानं लपवलं नाही. चहाच्या टपरीवर तो उघड सांगायचा, “आमची मंडळी फौंड्रीची मालक असती तर आज तिथं विमानं वतली असती.”

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि चैत्रात लक्ष्मीची जत्रा आली.

त्याचं गाव कळंब्याच्या पलीकडचं, शहराला आता चिकटलेलं. गावात अपार्टमेंटं आली, पण जत्रा होती तशीच राहिली. पहिल्या दिवशी देवीला पुरणपोळीचा नैवेद्य, आणि दुसऱ्या दिवशी तिखटं, म्हणजे मटण. त्या दिवशी ओळखीचा, ओळखीच्याच्या ओळखीचा, कोणीही यावं आणि जेवून जावं. कुणाच्या दारात किती गाड्या लागल्या, यावर वर्षभर माणसाची पत ठरते. आकारामच्या दारात दरसाल दोन बकरी पडायची आणि फौंड्रीची अख्खी पाळी पंगतीला बसायची. लोकांना खायला घालण्यात त्याला खरंच आनंद होता, तेही सांगितलं पाहिजे. वाढताना त्याचा चेहरा नवऱ्या मुलासारखा फुललेला असायचा.

घरी बसल्यावरची ही पहिली जत्रा. टपरीवर कोणीतरी विचारलं, “काय आकाराम, यंदा हाय का न्हाई?”

तिथं त्यानं ते तीन शब्द बोलायला हवे होते. तो म्हणाला, “हाय की! जत्रा काय बदलली व्हय? या सगळी.”

असं ‘या सगळी’ करता करता दीडशे माणसं झाली. मग एका दुपारी त्यानं मनाशी बकऱ्यांचा भाव मांडला आणि त्याला घाम फुटला. वर्षाची निम्मी बिलं एका दिवसात पंगतीत जाणार होती. बँकेतली ठेव मोडावी तर व्याज कायमचं खाली येणार. बायकोला सांगावं तर कोणत्या तोंडानं? तिनं इतके महिने एकेक रुपया जिवासारखा धरून ठेवलेला. शेवटी कोणाला न सांगता तो शिरोलीला विजयसिंहाकडं गेला. विजयसिंह फौंड्रीला कामगार पुरवायचा आणि त्याला भट्टीवर जुनं माणूस पाहिजेच होतं.

“छातीचं काय?” विजयसिंहानं विचारलं.

“बरी हाय की आता.”

विजयसिंहानं वीस हजार उचल मोजून हातात ठेवली. जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर व्हायचं. दीडशे लोकांना मटण घालायचं म्हणून हा शहाणा पुन्हा त्याच धुळीत जाऊन उभा राहणार होता. आणि खरं सांगायचं तर घरी येताना त्याला हलकं वाटत होतं. इज्जत वाचली होती.

त्यानं एकच चूक केली. फौंड्रीतले जुने जाड बूट पोटमाळ्यावरून काढून, पुसून परड्यातल्या भिंतीवर उन्हात ठेवले.

हौसाबाई धुणं वाळत घालायला गेली. बूट बघितले. बादली तिथंच ठेवून आत आली आणि उंबऱ्यावर बसली. आकारामला वाटलं, आता आभाळ फाटणार. पण तिचा आवाज चढला नाही.

“किती उचल घेटलीसा?”

त्यानं आकडा सांगितला.

“आनि माणसं किती सांगितलीसा?”

त्यानं तेही सांगितलं.

तिनं पदरानं ओले हात पुसले. मग म्हणाली, “भट्टीवर मरायला तुमी जायचं, आनि मटण दुसऱ्यांनी खायाचं. पुढच्या जत्रंला मी कुणाच्या नावानं ताट वाढू?”

तिनं भांडी आपटली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्यानं सोसलं असतं. हे मात्र त्याला सोसेना. तो भिंतीकडं बघत म्हणाला, “आता सांगून बसलोय गं. लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्या सांगतो. तुमच्या तोंडानं निघत न्हाई तर माझ्या निघंल. जत्रा हुणार. पण तिखटं न्हाई. दुसऱ्या दिवशी बी पोळ्याच.”

तिनं आतल्या खोलीतला कांबळ्याखालचा ढिगारा उघडा केला. गुऱ्हाळं चालू असताना स्वस्तात आणलेल्या गुळाच्या ढेपा आणि मळणीच्या वेळी घेतलेलं हरभऱ्याचं पोतं. दोन माणसांच्या घरात एवढा गूळ कुणासाठी, मुंग्यांसाठी का, असं तोच तिला म्हणाला होता. ही जत्रा कधी येणार, कशी येणार आणि आपला नवरा टपरीवर काय बोलून बसणार, हे तिनं थंडीतच ताडलं होतं. फक्त भट्टीचं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. इतका खुळेपणा कोण करील, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला गाडी काढायला लावली आणि मागं बसली. जिथं जिथं आमंत्रण गेलं होतं, त्या प्रत्येक दारात ती उतरली. आकाराम बाहेर गाडीची किल्ली फिरवत उभा. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं. ती आत न बसता दारातूनच सांगायची, “वैनी, यंदा आमच्यात मटण न्हाई. परवडत न्हाई. पोळ्या हायत, कटाची आमटी हाय, दूध-तूप हाय. आलासा तर आनंद हाय, न्हाई आलासा तर राग न्हाई.”

प्रत्येक दारात तेच शब्द आणि तोच आवाज. ना कोणाची माफी मागितली, ना डोळ्यांत पाणी आणलं. कपाळावर घामाचे थेंब, पायात झिजलेल्या चपला, आणि मान अशी ताठ की जणू काही नवा बंगला बांधल्याचं सांगायला निघाली आहे. चार-पाच दारं झाली तसा आकाराम किल्ली फिरवायचा थांबला आणि नुसता तिच्याकडं बघत राहिला. तालमीत त्यानं मोठमोठे गडी बघितले होते. असली छाती कोणाची बघितली नव्हती.

सगळीकडं गोड झालं असं नाही. त्याचा चुलतभाऊ बाळासो दारातच उसळला. “घराण्याची अब्रू घालवलीसा की, वैनी.”

हौसाबाई म्हणाली, “भावजी, अब्रू मटणाच्या तुकड्यात असती तर कुत्र्यानं कवाच पळवली असती.”

बाळासोनं दार लावून घेतलं. तो जत्रेला येणार नाही हे तिथंच ठरलं.

शेवटी ती शिरोलीला गेली. विजयसिंहापुढं तिनं ती नोटांची गड्डी ठेवली. “ह्यातला एक रुपाया मोडला न्हाई. ह्यास्नी कामावर घेऊ नका. ते परत आले तरी घेऊ नका. छाती बरी न्हाई, खोटं बोललेत.”

विजयसिंहानं आकारामकडं बघितलं. आकारामनं मान खाली घातली आणि होकार दिला.

“वैनी,” विजयसिंह म्हणाला, “उचल बुडवणारी लई बघितली. परत आणून देणारी तुमीच पहिल्या.” त्यानं पैसे खणात टाकले आणि जत्रेला किती वाजता यायचं ते विचारलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भिशीच्या बायका पहाटेच पोळपाट-लाटणं घेऊन हजर झाल्या. पुरणाचा वास गल्लीभर सुटला. दीडशेतली निम्मी माणसं आली. बाळासो आला नाही, फौंड्रीतले काही जण दुसऱ्यांच्या दारातल्या मटणाकडं वळले, आणि ते आकारामला लागलं. आपल्या पंगतीत रिकामी जागा त्यानं कधी बघितली नव्हती. पण जी बसली होती ती पोटभर जेवत होती, आणि विजयसिंह तिसऱ्या पोळीवर तूप मागत होता.

दुपार कलली तेव्हा दारात एक जीप येऊन थांबली. इचलकरंजीचा पिराजी. लहानपणी दोघं एका तालमीत लाल मातीत लोळलेले. आता त्याचे यंत्रमाग होते आणि आवाज मागांपेक्षा मोठा होता. तो दरसाल न बोलावताच यायचा, म्हणून त्याला निरोप गेलाच नव्हता. मागून सात-आठ जण उतरले.

“आकाराम, तांबडा उतरला का चुलीवरनं? वाटभर ह्या लोकास्नी तुझ्या रश्श्याचंच सांगत आलोय बघ!”

पंगत जेवायची थांबली. आकारामनं सवयीनं आत बघितलं. हौसाबाई चुलीपुढं होती, तव्यावर पोळी फुगत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा तव्याकडं वळली. उठली नाही. तिला उठता आलं नाही की उठायचंच नव्हतं, ते त्याला कळलं नाही. एवढं कळलं, की आता बोलायचं आहे ते आपणच.

तो पंगतीतून वाट काढत दारापाशी गेला.

“पिराजी, यंदा मटण न्हाई,” तो म्हणाला. “परवडत न्हाई.”

पिराजीचं तोंड उघडंच राहिलं. मागचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. आकारामला वाटलं होतं, हे बोललं की आपण जागीच संपणार. तो संपला नाही. उलट पुढचे शब्द आपोआप आले.

“बकरी आणली असती. भट्टीवर परत जाणार हुतो त्यासाठी, उचल बी घेटलीती. हिनं जाऊ दिलं न्हाई. आनि बरं केलं. मला अजून जगायचंय, पिराजी.”

पिराजीनं मित्राकडं बघितलं. मग तो दाराच्या कडेला वाकला, पायातले बूट काढले आणि आपल्या माणसांना म्हणाला, “काढा रं चपला.”

आकारामच्या डोळ्यांना धारा लागल्या. एवढ्या माणसांत तो त्या पुसायच्याही विसरला.

आतून हौसाबाईचा आवाज आला, “पाट मांडा की. पावणं उभं हायत.”