पाचवं काचेचं कौल

“ह्या काचंला काय धाड भरलीया कुणास ठावं. दिवसाढवळ्या अंधार करून बसलीया.”

आत्याबाई हे मला म्हणाल्या नव्हत्या, छपराला म्हणाल्या होत्या. मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून तांदूळ निवडत बसले होते, म्हणून कानावर आलं एवढंच. त्यांनी निवडलेलं सूप मी हळूच माझ्याकडं ओढलं आणि पुन्हा निवडायला घेतलं. त्यात सात खडे निघाले. खडे म्हणून त्यांनी बाजूला काढलेल्या ढिगात चांगले तांदूळ होते, ते परत सुपात टाकले. माघापासून रोज माझं हेच चाललं होतं. एकाच तांदळाला सासू-सून दोघींनी निवडायची रीत घरात पडली होती आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

आमचं गाव पौडापासून दोन कोसांवर. साठ सालची गोष्ट. मुळशीकडचा पाऊस म्हणजे घराला चारी अंगांनी गवताच्या झडपा बांधून चार महिने आत बसायचं. खिडकी असली काय आणि नसली काय. म्हणून मामंजींनी, आमचे हे जन्मले त्या साली, स्वैपाकघरावर एक काचेचं कौल बसवलं होतं. मंगलोरी कौलासारखंच, तसल्याच साच्यातलं. जाड, हिरवट, पोटात दोन-चार बुडबुडे. मामंजी गेले, कौल राहिलं.

त्यातून खाली पडणारा उन्हाचा चौकोन हे आमचं घड्याळ. चौकोन उतरंडीवर असला की न्याहारी, जात्यावर आला की जेवण, उंबऱ्याकडं सरकला की गुरं पाण्यावर सोडायची. ही वेळ सांगायचा मान आत्याबाईंचा. “ऊन जात्याव आलं गं चंद्रे,” अशी हाक आली की मी तवा ठेवायची. फाल्गुनात एकदा आभाळ भरून आलं होतं, घरात उन्हाचा टिपूस नव्हता, तरी हाक आली, ऊन जात्यावर आलं. मी जात्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं, आणि तवा ठेवला.

न बोलण्याला कारण होतं. आत्याबाईंचे भाऊ गेणबामामा भुकूमला असतात. त्यांच्या डोळ्यांत पडदा आला तेव्हा गावावरून चाललेल्या एका वैदूनं वडाखाली बसवून सुईनं तो पडदा सारला. मामांना तीन दिवस लख्ख दिसलं. चौथ्या दिवशी पू झाला आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून मामा ओट्यावर बसून असतात आणि आमच्यात त्यांना आंधळा म्हणत नाहीत. मामांना उजेड सोसत नाही, असं म्हणतात. आत्याबाईंनी पहिल्यांदा मिठाच्या जागी खायचा सोडा घातला, त्या दिवसापासून डोळा हा शब्दच घरातून गेला. नारळाला तीन डोळे असतात, हेसुद्धा त्या साली आम्ही कुणाला सांगितलं नसतं.

मग सगळा दोष कौलावर आला. आमचे हे म्हणजे जयसिंग, आईचा एकुलता एक, स्वभावानं लोण्याचा गोळा. आई कुरकुरली की ते शिडी लावून वर. चुलीच्या धुरानं काचेला आतून काजळी धरली होती, ती त्यांनी राख आणि चिंचेनं घासून काढली. खाली येऊन विचारलं, आता बरं दिसतंय का. आत्याबाई म्हणाल्या, झ्याक दिसतंय. दोन दिवसांनी पुन्हा छपराशी बोलणं सुरू.

ह्यांनी पौडाहून दुसरं काचेचं कौल आणलं. मग तिसरं. अक्षय्य तृतीयेपर्यंत स्वैपाकघरावर चार झाली आणि पाचवं माजघरावर बसलं. दर वेळी आत्याबाई तोंडभर सांगायच्या, आता कसं मोकळं मोकळं वाटतंय. आणि दर वेळी त्यांची चाल आणखी दबकी व्हायची. पूर्वी उंबरा बिनचूक ओलांडायच्या, आता पायानं चाचपायच्या.

माझे हाल वेगळेच. वैशाखाचं ऊन चार ठिकाणांहून डोक्यावर, समोर चूल. शेतात न जाता मी घरात रापले. मांजर तेवढं खूश होतं, एका चौकोनातून उठून दुसऱ्यात निजायचं. शेजारच्या गोजराबाई ताक न्यायला आल्या की वर बघून म्हणायच्या, चंद्रे, आता पडवळाचा वेल घरातच चढव, मांडव झालाच आहे. मी हसायची. त्याही हसायच्या. मग आत्याबाईंकडं बघून दोघी एकदम गप्प.

सगळ्यात वाईट घड्याळाचं झालं. पूर्वी एक चौकोन होता, आता जमिनीवर चार. जात्यावर कुठला ना कुठला दिवसभर असायचाच. एकदा आत्याबाईंनी सकाळच्या न्याहारीलाच मला जेवणाचं पान मांडायला सांगितलं. मी मांडलं. ह्यांनी मुकाट्यानं सकाळी सकाळी भात-आमटी खाल्ली.

ज्येष्ठ लागायच्या आधी हैबतराव गुरुजी दारात आले. पौडच्या शाळेत सोमवारपासून डोळ्यांचा कॅम्प आहे, पुण्याहून डॉक्टर येणार, मोतीबिंदू फुकट काढून देणार, नावं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडं द्यायची, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. पुढचा कॅम्प केव्हा, देव जाणे. पाऊस लागला की आमच्या रस्त्यानं बैलगाडीसुद्धा धड जात नाही. आत्याबाई तिथंच शेंगा फोडत होत्या. गुरुजी त्यांच्याकडं न बघता वाशांकडं बघून म्हणाले, गावात कुणाला उपयोग असेल तर सांगा. ह्यांनी वाशांकडं बघूनच मान डोलावली. आत्याबाई शेंगा फोडत राहिल्या. टरफलं परडीत आणि दाणे खाली पडत होते.

त्या रात्री मला झोप नव्हती. पावसाळाभर झडपा बांधलेल्या घरात आत्याबाई डोळ्यांतल्या धुक्यासकट बसणार, आणि दिवाळीपर्यंत आम्ही म्हणू लागणार, आत्याबाईंना उजेड सोसत नाही.

शुक्रवारी सकाळी येसाजी आला. दर साली पावसाच्या तोंडाला कौलं उतरवून, फुटकी बदलून घर शाकारायचं काम त्याचंच. साठीचा माणूस, काटक. नाकावर चष्मा असा की त्याची भिंगं भाकरीएवढी जाड वाटावीत. तरुणपणी तो काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. गावात काचेचं काही फुटलं-तुटलं, आरसा, कंदिलाची काच, की लोक त्यालाच दाखवत.

मी त्याला गोठ्यामागं गाठलं. म्हटलं, येसाजीभाऊ, आम्ही घरातली माणसं, आमच्या तोंडून निघत नाही. तुम्ही परके. तुम्हीच आत्याबाईंना सांगा.

त्यानं विडी विझवली. “म्या काचंचं बोलीन, सूनबाई. मानसाचं मानसानं बोलावं.”

झालं. मला वाटलं, हाही गेला.

दहाच्या सुमारास त्यानं पाचही काचा उतरवून अंगणात पाण्यात टाकल्या. आत्याबाई ओट्यावर येऊन बसल्या, येसाजीवर नजर ठेवायला असं म्हणून. त्यानं एकेक काच धुऊन फडक्यानं पुसली, उन्हाकडं धरून पाहिली. मग मामंजींचं जुनं कौल उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“ह्याच्यात काय खोट हाय सांगा, वयनी.”

आत्याबाईंनी कौलावरून बोटं फिरवली. कड, खाच, बुडबुड्याची टेंगळं. म्हणाल्या, धुरकटलंय मेलं.

येसाजी त्यांच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि सांगत राहिला, आपण लाडूचं प्रमाण सांगतो तशा आवाजात. काच दोन तऱ्हांनी धुरकटते. एक वरची काजळी, ती राखेनं जाते. दुसरी, कारखान्यातून आलेली काच ओल्या गवतात पडून राहिली तर तिच्या अंगातच पांढरं भिनतं. ते कितीही घासा, जात नाही. असली काच तो हातात धरल्याबरोबर ओळखतो, आणि ह्या पाचांत तसली एकही नाही.

मी उगीच अंगण झाडायला घेतलं, झाडलेलंच.

मग तो भट्टीचं सांगू लागला. वितळलेल्या काचेच्या तोंडाशी वीस वर्षं उभं राहायचं म्हणजे डोळे भाजतात, रोज थोडे थोडे, कळत नाही. त्याच्याबरोबरच्या चौघांच्या डोळ्यांत पडदा आला. त्याच्याही आला. तो दोन वर्षं बायकोला सांगत होता की कंदिलाची काच खराब आहे. घरात कंदिलाच्या सात काचा जमल्या. आणि वात जितकी वर करावी तितकं जास्तच धूसर दिसायचं.

“जास्त उजेडात जास्त?” आत्याबाईंनी विचारलं.

“व्हय. लई उजेड झाला की समदं पांढरंफेक.”

आत्याबाईंचा हात कौलावर थांबला.

“मंग?”

“मंग काय, पुण्याला डाक्टरनं काढलं. सुई न्हाई, वैदू न्हाई. औजारं उकळलेली म्या सोता बघितली, म्हंजी ऐकली. आठ दिस डोकं हलवायचं न्हाई, वाळूच्या पिशव्या दोन्ही कानांस्नी. त्यो तेवडा तरास.”

“आठ दिस गप पडायचं?” आत्याबाईंच्या आवाजात पहिल्यांदा खरी धास्ती आली. आयुष्यात त्या बाळंतपणातसुद्धा तीन दिवसांच्या वर पडून राहिल्या नव्हत्या.

“बोलाय येतं,” येसाजी म्हणाला. “तोंडाला पट्टी न्हाई.”

आत्याबाईंनी मांडीवरचं कौल सरळ केलं.

“आन् पट्टी सोडल्याव पैलं काय दिसलं?”

“बायकू दिसली. डाक्टरला म्हटलं, सायेब, परत बांधा.”

आत्याबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसल्या. ते हसू मी माघापासून पाहिलं नव्हतं. हे गोठ्यातून धावत आले, काय झालं म्हणून. येसाजी उठला, फुटकी कौलं मोजायला लागला. त्याचं काचेचं बोलून झालं होतं.

दुपारी छपराची शाकारणी उरकत आली. काचेची पाच कौलं भिंतीशी ओळीनं उभी होती. ह्यांनी पहिलं उचलून शिडीकडं नेलं. आत्याबाई आत जात्यापाशी बसल्या होत्या. वरच्या चार नव्या जागा येसाजीनं तात्पुरत्या साध्या कौलांनी झाकल्या होत्या, मामंजींच्या कौलाची तेवढी अजून उघडी होती, तिच्यातून उन्हाचा एकच चौकोन खाली आला होता. त्यांनी तळहात जमिनीवर ठेवला, सरकवत सरकवत उन्हात नेला आणि तिथं थांबवला. तेव्हा मला उमगलं. इतके महिने त्या वेळ सांगत होत्या ती अशी, ऊबेवरून; ऊन नसलं की नुसत्या अंदाजानं. आणि आम्ही चार ठिकाणी ऊब करून ठेवली होती.

“जयसिंगा,” त्यांनी हाक मारली. “नवी चार ऱ्हाऊ दे खाली. तुज्या बाचं तेवडं चढव.”

“आये, अंधार पडंल की.”

“न्हाई पडत. मला तेवडं एकच पुरतं.” त्यांचा हात उन्हातच होता. “आन् ते झालं की वहाणा घाल आन् गुरुजींच्याकडं जा. सांज व्हायच्या आत. रंभाबाई म्हणून माजं नाव घालाय सांग.”

शिडीवर येसाजी थांबला. मी परात हातात धरून थांबले. दारात गोजराबाई ताकाचं भांडं घेऊन उभ्या होत्या, त्याही थांबल्या. आमचे हे कौल छातीशी धरून आईकडं बघत राहिले. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी सवयीनं विचारलं, “कशाचं नाव, आये? काच आणिक एक बदलून बघू की.”

“काच समदी चांगली हाय, बाबा,” आत्याबाई म्हणाल्या. “माजं डोळं गेल्यात.”