भिंतीवर न गेलेला पॅन

मित्रांनो, मी एक जुना पॅन आहे. अंडी तळायचा नव्हे, वाजवायचा. जन्माने मी तेलाचं पिंप. त्रिनिदादच्या एका कारागिराने घणाने माझा तळ खोलगट केला, उरलेलं पिंप कापून टाकलं, मला जाळात भाजलं आणि माझ्या तोंडावर एकेक स्वर ठोकून बसवला. त्या ठोकाठोकीची मी कधी तक्रार केली नाही. मार खाऊन गाणं येत असेल तर खावा मार, असं माझं सरळ मत आहे.

माझ्या मालकिणीने, व्हर्लिनने, मला लंडनला आणलं तेव्हा ती तरणीताठी होती. ऑगस्टअखेर लॅडब्रोक ग्रोव्हच्या रस्त्यावर कार्निव्हलची मिरवणूक निघाली की ती मला पट्ट्याने गळ्यात अडकवायची आणि दिवसभर वाजवत चालायची. एकदा एका पोलिसाने दरडावलं, "हा डबा बंद करा." व्हर्लिनने त्याच्याकडे बघत आणखी जोरात वाजवलं. डबा म्हणे! अजून आठवलं की माझा पत्रा तापतो.

पुढे तिच्या वाद्यवृंदात चाकांच्या गाड्यांवरचे चकचकीत पॅन आले आणि मी कपाटावर गेलो. यंदा तर तिचा भाचा लेनॉक्स, वृंदाचा म्होरक्या, मला एका संग्रहालयाला द्यायला निघाला. त्याने मला सोनेरी रंग फासला आणि टांगण्यासाठी माझ्या ऐन मधल्या स्वरात भोक पाडलं. रंग चढला की पॅन मुका होतो, हे त्रिनिदादचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

"हे काय करून ठेवलंस?" व्हर्लिनने विचारलं.

"आंटी, तो आता वाजणार थोडाच आहे? भिंतीवर मानाने राहील."

"मान गेला खड्ड्यात. सोमवारी कार्निव्हलला मी याला घेऊन चालणार."

"गळ्यात अडकवून? गुडघे बघ की तुझे."

"गुडघे माझे आहेत. तू तुझी चाकं सांभाळ."

तिने रंग विरघळवणारं औषध लावून, चिंध्यांनी घासघासून मला मोकळं केलं. माझा आवाज परत आला. भोक पडलेला स्वर मात्र गेला तो गेलाच.

सोमवारी ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. गाणं त्या स्वरापाशी आलं आणि मी नुसताच 'टक्' वाजलो. कडेची माणसं हसली. मागून लेनॉक्स तिला बाजूला व्हायच्या खुणा करू लागला. मला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग संताप आला. भोक काय मी पाडलं होतं? व्हर्लिनने गाण्याच्या पुढच्या फेरीला तोच स्वर आणखी जोरात मारला. टक्! आम्ही दोघं मागे हटणार नव्हतो.

तिसऱ्या फेरीला त्या जागी खणखणीत स्वर उमटला. लेनॉक्सने तो मागच्या गाडीवरून आपल्या पॅनवर वाजवला होता. व्हर्लिनने वळून पाहिलं नाही, फक्त पाऊल उचललं. मग दर फेरीला तो माझा स्वर भरत राहिला.

रस्ता संपला तिथे संग्रहालयाचे गृहस्थ उभे होते. मला कधी न्यायला येऊ, असं त्यांनी विचारलं. व्हर्लिन दम खात होती. लेनॉक्सच बोलला, "भिंत दुसऱ्या कुणाला द्या, साहेब. याला पुढच्या वर्षी काम आहे."

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी, एखादा तबला पडून असेल. नुसती धूळ पुसलीत म्हणजे काळजी घेतली असं समजू नका. खाली काढा, वाजवा. एखादा स्वर मेला असेल, तरी वाजवा. बाकीचे अजून जिवंत आहेत.