रानोजीला पोरं भ्यायला लागली

आशाच्या कादंबरीतला जादूगार रानोजी म्हणजे हुबेहूब तिचा आजा, बुधा. पेठकडच्या पाड्यावर राहणारा, खांद्यावर घोंगडी, एका डोळ्यात फूल पडलेलं, शीळ घालून पाखरांशी बोलणारा. दिवस कलला की पाड्यावरची पोरं त्याच्या अंगणात गोष्टी ऐकायला जमायची. आशाने पुस्तकात त्या पांढऱ्या डोळ्याला जादू दिली. रानात हरवलेलं लेकरू रानोजीला त्या डोळ्याने दिसायचं आणि तो त्याला घरी पोचवायचा.

नाशिकच्या मुलांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. मग मालिकावाले आले. आशाने हुरळून सही केली.

पडद्यावरचा रानोजी मात्र मुलं पळवणारा निघाला. घोंगडी तीच, शीळ तीच. पण त्या पांढऱ्या डोळ्याने बघितलं की लेकरू दगड होऊन पडायचं. आशाने दिग्दर्शकाला फोन केला.

"मॅडम, भला जादूगार कोण बघतंय?" तो म्हणाला. "आणि हक्क तुम्हीच दिलेत ना?"

दिवाळीत ती पाड्यावर गेली. अंगण ओस पडलं होतं. बुधा ओट्यावर एकटाच, डोळ्यावर फडकं बांधून बसलेला.

"आजा, डोळ्याला काय झालं?"

"काय नाय. पोरं भेतात." फडकं घट्ट करत तो म्हणाला, "कोंडाजीची नात मला पाहून रडत पळाली. तिची आई म्हनं, मोबाइलात तुलाच दावतात. तू लिवलंस का गं?"

"मी असं नाही लिहिलं, आजा. माझ्या पुस्तकात तू मुलांना शोधून आणतोस."

"मंग त्यांना सांग ना, पोरी."

आशा पुस्तक घेऊन घरोघर फिरली. वाचून दाखवलं. मुलं ऐकायची, हसायचीसुद्धा. पण "चला, आजाकडे जाऊ," म्हटलं की आईच्या पदराआड दडायची. बुधा रोज संध्याकाळी अंगण झाडून वाट बघायचा. पुढे त्याने झाडणंही सोडलं.

होळीच्या आधी तो गेला. मौतीला सगळा पाडा आला. पोरांना मात्र घरात कोंडून ठेवलं होतं. आशाची आत्या कुसाबाई रडता रडता म्हणाली, "तुझा काय दोष, आशा." म्हणाली खरी, पण आल्यागेल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडलेल्या आत्याने आशाला काही जवळ घेतलं नाही.