कोरसमध्ये एक बाई कमी

आईची हाक जिना उतरून येत नसे. ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून थेट खाली उडी मारायची. "वर या रे-ए-ए, वर या!" पहिली हाक लांब, सैल. दुसरी आखूड. तिसऱ्या हाकेला शेवटचं अक्षर खरवडल्यासारखं तुटायचं. गोड नव्हता तो आवाज. भाजल्या मातीसारखा जाडसर, आणि तळाशी जरा ओलावा. खेळ टाकून आम्ही दोघं भावंडं पळत सुटायचो, मी पुढे, धाकटा माझ्या फ्रॉकला धरून. तो नुकता शाळेत जायला लागला होता, त्याच वर्षी आई गेली. गॅलरी दुसऱ्या कुणाची झाली. हाक माझ्या कानात राहिली.

आता मला हाक मारतो तो धाकटा. तीही हेडफोनमधून, आणि एकाच शब्दात.

"परत."

धाकटा सिनेमांच्या ट्रेलरना संगीत देतो. तसल्या सिनेमांच्या, ज्यांत ड्रॅगन असतात, बर्फातले किल्ले असतात आणि दोन मिनिटांत जग तीनदा बुडता बुडता वाचतं. त्याला लागतात ढोल, आणि लागतो कोरस; डोंगराने तोंड उघडावं तसा. एवढे गळे आमच्या मागच्या खोलीत मावत नाहीत, म्हणून मी आहे.

मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्यात. पंखा बंद, कारण तो घरघरतो. फ्रिज बंद, कारण तो कण्हतो. दूध नासलं तर नासलं. मी माइकजवळ उभी राहून ओळ गाते, मग तीच ओळ दोन पावलं मागे जाऊन, मग खिडकीशी, मग कपाटाकडे तोंड करून, मग स्टुलावर चढून. धाकटा ते सगळे आवाज एकावर एक रचतो आणि माझीच फौज उभी राहते. शब्द त्यानेच जुळवलेले: "ओरा वेन्दा, ओरा मी."

"याचा अर्थ काय रे?"

"अर्थ असला की लोक ऐकत बसतात, ताई. मला त्यांना घाबरवायचंय."

या वेळच्या सिनेमात एक राणी मेलेल्या सैन्याला हाक देऊन उठवते. ट्रेलर बनवणाऱ्या माणसाचं नाव आम्ही 'अजून थोडं' ठेवलंय, कारण फोनवर त्याचं दुसरं पालुपदच नाही. "मस्त झालंय. फक्त अजून थोडं मोठं." मोठं केलं. "अजून थोडं प्राचीन." प्राचीन केलं, म्हणजे नक्की काय केलं ते देव जाणे, धाकट्याने घुमारा वाढवला असावा. मग तो म्हणाला, "अहो, हा अख्खा कोरस एकाच वेळी श्वास घेतोय. एकच बाई वाटते."

हे मात्र खरं होतं. खऱ्या कोरसमध्ये एकीचा दम संपतो तेव्हा शेजारणीचा चालू असतो. मी कितीदाही गायले तरी दम माझाच, आणि तो त्याच जागी संपणार.

"मग मी काय करू? उसनी फुफ्फुसं आणू?"

"दुसरी बाई हो," धाकटा म्हणाला, जसं काही दुसरी साडी नेस म्हणावं.

मग मी बायका झाले. कायम सर्दी असलेली मुख्याध्यापिका. औषधाच्या दुकानातली, जी प्रत्येक वाक्य अर्ध्यात सोडून देते. वरच्या मजल्यावरची, जी नवऱ्याशी बोलत नाही आणि कुत्र्याशी बोलायची थांबत नाही. माझ्या सासूबाई, ज्यांचा दम आजवर संपलेला कुणी पाहिला नाही. एकेकीला अंगात आणायचं, तिच्यासारखं उभं राहायचं, तिच्या जागी श्वास घ्यायचा आणि मेलेलं सैन्य उठवायचं. एक आवाज तेवढा मी त्या मशीनला दिला नाही. तो माझा होता. ड्रॅगनपुढे टाकायला नव्हता.

कोरस पाठवून झाला. सुटले म्हटलं. तर दोनच दिवसांनी पुन्हा हेडफोन.

"परत."

"अरे, आता काय राहिलं?"

"इथे, डावीकडे, अगदी खाली, एक बाई कमी आहे."

"कोण बाई?"

"ते कळत नाही. जरा जाडसर आवाजाची. म्हातारी नको."

"पत्रिका पण बघायची का तिची?"

तो हसला नाही. "परत, ताई."

"हे बघ, हे शेवटचं. यानंतर मी तुझ्यासाठी गाणार नाही. घसा आहे हा, नळ नाही. आणि आता परत म्हणालास ना, तर आईसारखी ओरडेन हं."

त्याने मान डोलावली. मी असं म्हटलं की तो नेहमीच मान डोलावतो, ओठांच्या कोपऱ्यात हसतो, जशी काही ती हाक त्यालाही ऐकू येते.

मी सकाळभर गात राहिले. जाडसर गायले, पातळ गायले, चिडून गायले. शेवटी तो चहा करायला उठला. टेबलावर त्याचा फोन वाजला, 'अजून थोडं'. मी उचललाच.

"अहो, मी त्याची ताई. तुम्हाला अजून थोडं काय हवंय ते एकदाच सांगून टाका. माझा घसा बसलाय."

"छे छे, काहीच नको! परवाच सांगितलं ना त्यांना, कोरस पास झाला. मी आभार मानायलाच फोन केला होता. आता कृपा करून हात लावू नका."

फोन ठेवला. धाकटा दोन कप घेऊन दारात उभा.

"परवाच पास झालाय?"

"हो."

"मग सकाळपासून मी कुणाचं सैन्य उठवतेय?"

तो कप सांभाळत पडद्याकडे वळला.

"अरे, बोल की! इकडे उकडून जीव चाललाय, तिकडे फ्रिजमध्ये दुधाचं दही झालंय, आणि तू आपला परत, परत, परत! त्या मेल्या 'अजून थोडं'ला मी शिव्या घालत होते, आणि निघालास तू! कोण आहे ही बाई? सांग, आत्ताच्या आत्ता सांग!"

त्याने कप खाली ठेवले. पडद्यावर माझ्या सगळ्या बायका रंगीत पट्ट्या होऊन एकीखाली एक निजल्या होत्या. सगळ्यांत खालची पट्टी रिकामी होती. तो तिच्याकडेच बघत होता.

"तू एवढ्या बायका काढल्यास," तो म्हणाला, "मला वाटलं, ओघात कधीतरी तीही येईल. मागायचा धीर नाही झाला."

"ती कोण?"

"तू म्हणतेस ना, आईसारखी ओरडेन. मी मान डोलावतो."

"मग?"

"तिचे कठड्यावरचे हात आठवतात. ती वाकलेली दिसते, तोंड उघडलेलं दिसतं." त्याचा आवाज खरवडल्यासारखा तुटला. "पण हाक येत नाही गं. ताई, मला आईचा आवाज आठवतच नाही."