पट्ट्यावरची चीर

सकाळी आठ वाजता कसालच्या बाजारातल्या आपल्या सलूनमध्ये सत्यवानाने आरशाशेजारी टांगलेला चामड्याचा पट्टा ताणला आणि त्याला चीर दिसली. नखाएवढी, आडवी.

पट्ट्यावर वस्तरा फिरवताना त्याची पाठ पुढे जाते, धार मागून येते. टोकाशी पोचल्यावर वस्तरा पाठीवरच उलटायचा. तिथे मनगट चुकलं की चामडं कापतं. ही चूक शिकाऊ माणसाची. सत्यवानाने ती लग्नाआधी केली होती, त्यानंतर कधी नाही.

चिरलेल्या पट्ट्यावर धार बिघडते. गेल्या आठवड्यात आबा राण्यांचा गाल कापला गेला तो यामुळेच, असं त्याने मनाशी ठरवलं. शटरची चावी धाकट्या भावाकडे, चंदनकडे असते. शेजारची खुर्चीही त्याचीच, आणि ‘वस्तरो आता ठेवन दी’ हे पालुपदही त्याचंच.

“चंदना, माझ्या पट्ट्याक हात कोणी लावलो?”

“माका कित्याक इचारतस? माझो धंदो अर्ध्या बिलेडीवर चलता, तेका पट्टो लागणा नाय. तुझो वस्तरो तुकाच लखलाभ.”

“चावी तुझ्याकडे आसता.”

“मगे? चावीन कापलंय काय पट्टो?”

खुर्चीत फेस लावून बसलेले आबा हसले. “भाव-भाव मागसून भांडा रे. आधी माझो गळो सांभाळा.”

सत्यवान हसला नाही. चीर चंदनची असेल तर तो आजच दुकानाबाहेर जाणार होता. आणि नसेल, तर दुकानात पट्ट्याला लागणारा दुसरा हात एकच होता, त्याचा स्वतःचा. तो सध्या सकाळचा चहा बशीत सांडत असे. हे घरात फक्त त्याच्या बायकोने, विमलाने पाहिलं होतं, आणि तीही बोलली नव्हती.

चंदनने वस्तरा उचलला. पाठ पुढे, धार मागे, टोकाशी अलगद उलटून परत. चामड्यावर साधा ओरखडाही आला नाही.

सत्यवान बघतच राहिला. वस्तऱ्याला कधी न शिवणाऱ्याचा हात इतका बसलेला?

“ह्या तू खंय शिकलस?”

“इतकी वर्सा तुझ्या बाजूक उबो आसंय. बघान शिकलंय.”

“नुसता बघान?”

चंदनने वस्तरा भावापुढे धरला. “आता तू कर, दादा.”

आबा आता हसत नव्हते. त्यांच्या गालावरचा फेस कडेने सुकू लागला होता. सत्यवानाने वस्तरा घेतला. चंदनने पट्ट्याचं खालचं टोक ताणून धरलं होतं आणि त्याची नजर पट्ट्यावर नव्हती, भावाच्या मनगटावर होती.